अंडी फुटेपर्यंत

प्रिय ताई,

आधी पक्ष्यांचं सांगते, कारण फोनवर तू नेहमी तेच आधी विचारायचीस. दोघं मजेत आहेत. साहेबांचा तुरा पुन्हा ताठ उभा राहायला लागलाय, बाईसाहेबांच्या शेपटीत नवी पिसं आलीत. पाणी सकाळ-संध्याकाळ बदलत आले. चोच घासायला ठेवलेला समुद्रफेसाचा तुकडा त्यांनी कुरतडून संपवला होता, नवा आणून तारेला अडकवला. नॉनस्टिक तवा तू सांगितल्यासारखा माळ्यावर टाकून ठेवला. तो रिकामा तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी मरतात, माणसांना काही होत नाही, असं तू म्हणाली होतीस ना, ते मी तुझ्या सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माणसांना काहीच होत नाही? मग कशाला ठेवलाय घरात?" साहेब आणि बाईसाहेब ही नावंही त्यांचीच. तू त्यांना नुसतं 'सोन्या' आणि 'सोनी' म्हणायचीस, पण सासूबाईंचं म्हणणं असं, की आयतं खातात, वर ओरडतात आणि खाली कुणीतरी साफ करतं, म्हणजे ही साहेबलोकच झाली.

तुझा फोन आला तेव्हा मी बोटीवर होते. बोट म्हणजे ती नदी ओलांडणारी, गाड्या-बिड्या पोटात घेऊन जाणारी. तिच्या कॅन्टीनमध्ये मी कप विसळायचे. तिथला आचारी एक नंबरचा थापाड्या होता. म्हणायचा, माझी बायको पलीकडच्या काठावर राहते आणि पहिली अलीकडच्या, म्हणून ही नोकरी धरलीय. आम्ही सगळे हसायचो, आणि एकदा खरंच दोन्ही काठांवर दोन बायका डबा घेऊन उभ्या! असो, भरकटले. तर हात फेसात बुडालेले, फोन कान आणि खांद्यामध्ये दाबलेला, आणि तू म्हणालीस, "भिंगरे, एक काम होतं गं तुझ्याकडे." ताई, मी तिथल्या तिथे खाली बसले. आई गेल्यावर तू माझ्या वेण्या घातल्यास, शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर आईची सही मारलीस, मी कॉलेज सोडून पळाले तेव्हा बाबांसमोर आडवी उभी राहिलीस. मी तुझ्याकडून नुसतं घेतच आले. तू माझ्याकडे काही मागितलंस ते आयुष्यात पहिल्यांदा. तीन आठवडे घरी येऊन राहा, आम्ही दोघं जरा बाहेर जाऊन येतो, पक्ष्यांना कुणाच्या भरवशावर टाकू, बाहेरच्याच्या हातचं ते खात नाहीत. मी विचारलं, आणि सासूबाई? तू म्हणालीस, "त्या असतात गं आत. त्यांचं त्या बघतात." मी त्याच दिवशी एप्रन काढून ठेवला. आचारी म्हणाला, तुला तिसरा काठ मिळाला वाटतं.

मी आले तेव्हा तू मला किती हौसेनं सगळं दाखवलंस! पिंजरा आतल्या खोलीत, कारण तिथे वारा लागत नाही. राळ्याचा डबा हा, सूर्यफुलाच्या बिया मोजक्याच, नाहीतर यकृत सुजतं. आठवड्यातून दोनदा फवाऱ्यानं आंघोळ. रात्री खोलीतला छोटा दिवा चालूच ठेवायचा, काळोखात दचकले तर पंख आपटून रक्तबंबाळ होतात. आणि पिंजऱ्याला टांगलेल्या लाकडी खोक्यात हात घालायचा नाही, डोकावायचंही नाही, मादी चिडते. हे सगळं ऐकताना मला जाणवलं, की पलंगावर हनुवटीपर्यंत पांघरूण घेऊन कुणीतरी आपल्याकडे बघतंय. तू बियांचा डबा आणि फवारा यांच्यामध्ये कधीतरी म्हणालीस, "या सासूबाई." जणू तीही एक वस्तू, कुठे असते ते मला माहीत असावं म्हणून. सकाळी तुम्ही निघालात तेव्हा दोघांच्या मानानं बॅगा बऱ्याच वाटल्या, पण जिचा संसार एका पाठपिशवीत मावतो तिला सगळ्यांच्याच बॅगा जास्त वाटतात. भावोजी आत जाऊन आईच्या पाया पडले नाहीत की गालाला हात लावला नाही. दारातूनच "येतो गं" म्हणाले. मला वाटलं, घाई असेल.

त्यांचं त्या बघतात! ताई, त्यांना कूस बदलता येत नाही. मी चहा घेऊन गेले तर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "चहा नंतर. आधी पलंगाखालचं भांडं काढ, आणि नाक दाबू नकोस, मला दिसतं." मी आयुष्यात बोटींचे संडास धुतलेत, पण एखाद्याची हाडं हातात धरून उचलायची सवय वेगळी. मी त्यांना उचललं, त्या ओरडल्या, पक्षी ओरडले, मी रडले. दुपारी एक बाई दारात आली. मला वाटलं, सुटले! ती तुझ्याकडे रोज यायची म्हणे सासूबाईंचं करायला. पण ती आली होती मोरीतल्या आपल्या चपला न्यायला. तिला तू आदल्याच आठवड्यात सांगितलं होतंस, आता येऊ नकोस, आमचं माणूस येतंय. मी म्हटलं, ते माणूस पक्ष्यांसाठी आलंय. ती माझ्याकडे बघून हसली, चपला पिशवीत घातल्या आणि गेली. मी तुला लगेच फोन केला, आठवतं? तू म्हणालीस, अगं काहीतरी घोटाळा झाला असेल, मी बघते, आणि साहेबांनी खाल्लं का?

तुझ्या सासूबाईंबद्दल तुला मी काय सांगणार. पण मला त्या नव्या होत्या. त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या हे मला कुठे माहीत होतं! त्या काळी ट्रंककॉल लावून द्यायच्या आणि मग, नियमात बसत नसलं तरी, ऐकत बसायच्या. त्या म्हणतात, माणूस खोटं बोलतो तेव्हा श्वास आधी घेतो. एका सराफाला त्याच्या भागीदारापासून वाचवलं म्हणे, आणि एका नवरदेवाचं लग्न मोडलं, फक्त चुकीचा कॉल योग्य ठिकाणी जोडून. मी त्यांच्याशी काहीही बोलले की त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "खोटं." औषध आणायला गेले होते म्हटलं, "खोटं." गेले होते सिनेमाला. त्यांना सरळ झोपवून तशीच दुपारभर सोडून गेले होते, ताई. आले तर अंगाखालची चादर ओली आणि पिंजरा थरथरतोय. मी नाही म्हणून त्यांनी इतका वेळ टाळ्या वाजवल्या होत्या, की पक्षी पिंजऱ्याच्या तारांवर धडकून धडकून दमून खाली बसले होते. "तू मला सोडून गेलीस, मी तुझ्या पाखरांना दमवलं," त्या म्हणाल्या. "फिट्टंफाट."

मग मीही शिकले. सकाळी आधी पक्ष्यांचं करायचं, सावकाश, त्यांच्या डोळ्यांसमोर, आणि मग त्यांचं. दाणे, पाणी, खालचा कागद, सगळं गुणगुणत. त्या पलंगावरून बघायच्या. "आधी पाखरं, मग माणसं, छान," एवढंच म्हणायच्या. मी बटाटा कुस्करून, दुधात ब्रेड भिजवून भरवायला बसले की मुद्दाम तोंड मिटून घ्यायच्या आणि चमचा लांब नेला की उघडायच्या. रात्री मी छोटा दिवा लावून जायला निघाले की म्हणायच्या, "यांना काळोखाची भीती वाटते म्हणून दिवा. मला उजेडात झोप येत नाही, ते कुणी विचारलंय?" मी म्हटलं, तुम्ही भिंतीवर धडकून मरणार नाही. त्या म्हणाल्या, "तेवढंही उठता येत नाही, म्हणून बोलतेस." खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. त्यांनाही आलं. ताई, तू हे इतकी वर्षं केलंस. मला आता कळतं तुझे हात असे का झालेत, आणि तू फोनवर मध्येच गप्प का व्हायचीस. त्यांनी मला सांगितलं, की तू भरवताना एकदा चमचा त्यांच्या दातांवर आपटलास आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलीस. "मला नळामागचंही ऐकू येतं," त्या म्हणाल्या. मला तुझी कीव आली. तेव्हा आली होती, हे लक्षात ठेव.

तीन आठवडे झाले. तू म्हणालीस, भावोजींचं काम लांबलंय, अजून थोडे दिवस. मग अजून थोडे. व्हिडिओ कॉलवर तू साहेबांना शीळ घालायचीस, ते मान तिरकी करून ऐकायचे, आणि मी फोन पलंगाकडे वळवायला गेले की तुझं नेटवर्क जायचं. प्रत्येक वेळी. सासूबाई डोळे मिटून पडलेल्या असायच्या. कॉल संपला की काही बोलायच्या नाहीत. 'खोटं' म्हणायच्याही नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं. जी बाई माझ्या सिनेमाचं खोटं पकडते, ती तुझ्या नेटवर्कबद्दल गप्प कशी?

मग माझ्या मैत्रिणीचा फोन आला. ती गं, ट्रक चालवते ती, जिनं एकदा मला चारशे मैल फुकट आणलं आणि वाटेत फक्त एकच अट घातली की गाणं म्हणायचं नाही. डोंगरातल्या तळ्यावर हंगाम सुरू होत होता, होड्या भाड्यानं द्यायचं काम, राहायला तंबू, आणि सकाळी म्हणे पाणी इतकं गार असतं की ओरडल्याशिवाय उतरताच येत नाही. माझे पाय शिवशिवायला लागले. तुला माहीत आहे माझं, एका जागी राहिले की मला तापच येतो. मी पाठपिशवी भरली. तुला फोन करून सांगणार होते, त्या चपलावालीला परत बोलाव, पक्षी तिला शिकवून जाते. पिशवीचा पट्टा ओढला, त्याचा आवाज आतपर्यंत गेला असणार. सासूबाईंनी हाक मारली, "भिंगरे, इकडे ये. खोक्यात बघ जरा. नर सकाळपासून आत जाऊन बसलाय."

तू नको म्हणाली होतीस तरी मी खोक्याचं झाकण उचललं. साहेब फिस्सकन अंगावर आले. त्यांच्या पोटाखाली पांढरीशुभ्र, एवढुशी, चार अंडी! ताई, मी लहान मुलीसारखी नाचले. सासूबाई म्हणाल्या, दिवसा नर बसतो, रात्री मादी, वीसेक दिवसांत फुटतात, आणि मध्येच घरातलं माणूस बदललं तर ही अंडी टाकून उठतात, पिल्लं आतल्या आत मरतात. मग त्या म्हणाल्या, "जा तू. तुला जायचंय ना. चार जीव आहेत, त्यात काय." मी तुला फोन लावला. मी ओरडतच सांगितलं, अंडी आहेत, अंडी! तू आधी श्वास घेतलास, आणि म्हणालीस, "मग आता कशी जाशील गं? अंडी फुटेपर्यंत तरी थांब." मी मैत्रिणीला नाही म्हणून कळवलं. ती म्हणाली, अंड्यांसाठी तळं सोडतेस? बरं बाई, उबव.

ते दिवस चांगले होते, खरंच सांगते. सासूबाई आणि मी, आमचं एक काम झालं होतं. साहेब किती वेळ बसले, बाईसाहेबांनी पाळी घ्यायला उशीर का केला, मी नसताना कोण बाहेर आलं, याची बित्तंबातमी त्या द्यायच्या. मी त्यांची कूस वेळच्या वेळी बदलायला लागले, कारण त्या पिंजऱ्याकडे तोंड करून असल्या तर पहारा नीट होतो. पडून पडून पाठीवर झालेली जखम भरत आली. मी त्यांचे केस धुतले. मी त्यांना बोटीवरच्या आचाऱ्याचं सांगितलं, त्या इतक्या हसल्या की उचकी लागली. दिवस उलटून गेले, अंडी फुटेनात. मी काळजीत पडले तर म्हणायच्या, हवा गार आहे, लांबतं कधीकधी. कधी म्हणायच्या, काल मला आतून टकटक ऐकू आली, माझे कान खोटं सांगत नाहीत. मी खोक्याला कान लावून बसायचे. मला काही ऐकू यायचं नाही, पण त्या एक्सचेंजच्या बाई होत्या!

मग एक घर दाखवणारा एजंट आला. बेल वाजवून थांबलाही नाही, त्याच्याकडे किल्ली होती. मागे एक जोडपं, नवरा टेप घेऊन भिंती मोजणारा, बायको कपाटं उघडून बघणारी. एजंट मला म्हणाला, बाई, तुम्ही कामाला का इथं? मालक कायमचे दुसऱ्या शहरात गेलेत, तिकडे त्यांनी घर घेतलंय, हे घर महिनाअखेर रिकामं हवं. कायमचे, असं तो सहज म्हणाला, जसं आपण 'पाऊस थांबलाय' म्हणतो. मग ते आतल्या खोलीत गेले. एजंटनं पलंगाकडे बोट केलं आणि मला विचारलं, "हे पण जाणार ना?" मी म्हटलं, कोण? तो म्हणाला, "पलंग हो." सासूबाई पलंगावरच होत्या, डोळे सताड उघडे. म्हणाल्या, "गादीसकट जाणार की गादी ठेवायची, ते विचार त्याला."

त्या जोडप्यातली बाई पिंजऱ्यापाशी रेंगाळली. तिच्या घरी अख्खी खोली भरून पक्षी आहेत म्हणे. तिनं मला न विचारता खोक्यात हात घातला, तिला साहेब चावलेसुद्धा नाहीत. एक अंडं काढून तिनं नखानं टकटक केलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. हलकं. थंड. बुडाशी साच्याची बारीक रेघ. ती म्हणाली, आम्हीही अशीच ठेवतो, प्लास्टिकची. खरी अंडी काढून घेतली की मादी पुन्हा पुन्हा घालत बसते, त्यातच खंगून मरते. ही ठेवली की बिचारी बसून राहते गप्प. चांगली आहेत तुमची, अगदी खऱ्यासारखी. कोणी घातली?

त्यानंतर मी तुला फोन केला. तू लगेच उचलला नाहीस, मी करतच राहिले. शेवटी उचललास. मला वाटलं होतं, तू रडशील. तू रडली असतीस ना ताई, तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. मी अजून त्या खोलीत चमचा धरून बसले असते. पण तू दमल्यासारखं म्हणालीस, तुला पक्ष्यांचं सांगितलं नसतं तर तू आली असतीस का? आईंसाठी म्हणून बोलावलं असतं तर आली असतीस? मग म्हणालीस, नाहीतरी तुला कुठे जायचं असतं? ना घर, ना दार, ना कुणी वाट बघणारं. उलट डोक्यावर छप्पर मिळालं फुकटचं. मी म्हटलं, आणि अंडी? मागून भावोजींचं काहीतरी बोलणं ऐकू आलं, कुणीतरी हसलं. तू नव्हतीस हसलेली, एवढं मी अजून मानते. तू म्हणालीस, "फुटेपर्यंत थांब म्हटलं होतं ना मी? फुटलीत का अजून?" आणि ठेवलास. नंतर तुझा फोन मला लागलाच नाही. भावोजींचाही नाही.

मी आत गेले. सासूबाईंना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्या म्हणाल्या, सगळंच माहीत होतं. तू अंडी खोक्यात ठेवलीस ती त्यांच्या समोर ठेवलीस, सोनीनं घातलेली खरी काढून घेऊन. मुलाच्या बॅगेत त्याच्या बापाचा फोटो गेला तेव्हाच त्यांना कळलं होतं, की हा परत येत नाही. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंत? टकटक ऐकू येते म्हणालात! त्या म्हणाल्या, "तू पाखरांसाठी थांबत होतीस. माझ्यासाठी कोण थांबलंय कधी?" दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी ती चारही अंडी ताटलीत मांडून त्यांच्यासमोर ठेवली. दुसरं काही ठेवलं नाही. त्यांनी ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "मीठ दे जरा." मी खोलीबाहेर आले. त्या दिवशी मी त्यांना काहीच भरवलं नाही. त्यांनी मागितलंही नाही.

घर महिनाअखेर रिकामं हवं होतं. मी त्यांना सरळ म्हटलं, मावशी, गाडी करते, तुम्हाला लेकाकडे सोडायचं बघते, एजंटकडून पत्ता घेतलाय. ताई, त्या बाईनं माझा हात धरला. इतके दिवस मी त्यांना धरत होते, त्यांनी मला कधी धरलं नव्हतं. म्हणाल्या, "ज्याला मी नको झालेय त्याच्या दारात मला टाकू नकोस. वाटलं तर इथंच सोडून जा. उशाशी पाणी ठेव, दिवा मालव, आणि जा. मी कुणाला हाक मारणार नाही." मग म्हणाल्या, तू राहा ना. आपण दोघी कुठेतरी राहू, तुझ्या त्या बोटीवर राहू, मी काय, पडूनच असते, जागा किती लागते मला. मी हो म्हणू शकले असते. खरंच, जिभेवर आलं होतं. पण माझ्या तळहातावर ते अंडं अजून होतंच, थंड, हलकं.

म्हणून काल दुपारी मी बाहेरच्या खोलीत उभी राहिले आणि बंद फोन कानाला लावला. मोठ्यानं बोलले, पण फार मोठ्यानं नाही. आतल्या खोलीतल्या एक्सचेंजच्या बाईला चोरून ऐकल्यासारखं वाटेल इतकंच. म्हटलं, भावोजी? हो... हो, आहेत ना. रडताय का तुम्ही? अहो, चुका सगळ्यांकडून होतात. खोली तयार केलीत? खिडकीजवळ? बरं, बरं, तुम्ही पाठवा गाडी. नाही, मी सांगते त्यांना, त्यांना आवडेल. बोलण्याआधी मी श्वास घेतला नाही, हे मात्र कटाक्षानं पाळलं. आत गेले तर त्या डोळे मिटून पडल्या होत्या. मी वाट बघत होते, त्या म्हणतील, 'खोटं.' डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "माझा तो निळा स्वेटर कुठाय गं? लोकरीचा. त्यानं आणलेला."

आज सकाळी त्यांनी स्वतःहून तोंड उघडलं, सगळं खाल्लं. वाटेत जखम ठणकू नये म्हणून पाठीखाली उशी नीट लावून घेतली. केस विंचरून घेतले, आरसा मागितला, आरशात बघून म्हणाल्या, "फार खराब दिसते का? तो घाबरेल." पक्षी न्यायला आले तेव्हा मला त्यांना हाक मारायला लावली, साहेबांना आपलं बोट चावू दिलं. पक्ष्यांची सोय मी लावलीय, तू त्याचीच काळजी करत असशील. त्या घर बघायला आलेल्या बाईनं दोघांना मायेनं नेलं. मोठी खोली आहे, खरी झाडं आहेत कुंड्यांत, आणि ती रोज स्वतः बसते त्यांच्यापाशी. तू मला ज्यासाठी बोलावलं होतंस ते काम मी चोख केलंय.

आता हे पत्र का लिहिलं ते. ते मी टपालात टाकत नाहीये. पाकीट चिकटवून सासूबाईंच्या हातात देतेय. त्यांनी विचारलं, काय आहे यात, मी म्हटलं, तुमच्या औषधांच्या वेळा. त्यांनी ते छातीशी धरलंय. गाडीवाल्याला सांगितलंय, की स्ट्रेचर दारात ठेव, बेल वाजव, दार उघडलं की लगेच निघ, कुणी काही म्हटलं तरी थांबू नकोस. त्यांना वाटतंय, तुम्ही बोलावलंय. वाटेत त्या गाडीवाल्याला तेच सांगत येतील, खोली खिडकीजवळ आहे म्हणून. दार तू उघडशील, भावोजी कधीच उघडत नाहीत. आधी त्या तुझा चेहरा बघतील, आणि मग तू हे वाचशील. तुला आधी कळवलं असतं तर तू दार उघडण्यापूर्वी चेहरा नीट करून घेतला असतास. तेवढा वेळ मला तुला द्यायचा नव्हता.

तुझीच,
भिंगरी